डिसेंबरचं कोकण आणि मे महिन्यातलं नागपूर

पत्र (थोडं कापून देतेय):

"मी नागपूरची, वय ५१. मिस्टर ५६ चे, मागच्या वर्षी व्हीआरएस घेतली. दोन वर्षं सलग डिसेंबरमधे आम्ही रत्नागिरी-गणपतीपुळे फिरून आलो आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच, नागपूरचा फ्लॅट विकायचा आणि कोकणात सेटल व्हायचं. गणपतीपुळ्याच्या अलीकडे एका वाडीत १४ गुंठे जागा, जुनं कौलारू घर आणि १५ हापूसची झाडं असं बघूनही ठेवलंय, एजंट टोकन मागतोय. ते म्हणतात नागपूरचं ऊन आता सहन होत नाही, कोकणात हवा चांगली, शांतता आणि खर्च कमी. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. सासूबाई ७९ वर्षांच्या, आमच्याजवळच असतात. मला समुद्र आवडतो पण कायमचं जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, का ते नीट सांगता येत नाही. दोन्हीकडचं खरं खरं सांगाल का?"

ताई, तुमचं पत्र बरोबर माणसाकडे आलंय. मी मूळची वर्ध्याची, लग्न होऊन रत्नागिरीला आले त्याला आता २३ वर्षं झाली, म्हणजे तुमचं ऊनही माहितीय आणि इकडचा पाऊसही. तुमच्या मिस्टरांनी कोकण पाहिलंय डिसेंबरमधलं आणि नागपूर नको झालंय मे महिन्यातलं. ही तुलनाच चुकीची आहे हो. उद्या मी नागपूरची जानेवारीतली सकाळ घेतली, ८-१० डिग्रीतली, तर्री पोह्यांच्या ठेल्यावरची, आणि ती रत्नागिरीच्या २० जुलैशेजारी ठेवली तर कोणीही शहाणा माणूस नागपुरातच राहील.

आता ऊन. नागपूर मे महिन्यात ४५-४६ ला जातं, दुपारी १२ ते ५ रस्त्यावर कर्फ्यू असतो, हे मी तुम्हाला काय सांगणार. रत्नागिरीत तेव्हा ३३-३४ असतं. मिस्टरांनी हेच आकडे मोबाईलवर शेजारी शेजारी ठेवून तुम्हाला दाखवले असणार, माझी खात्री आहे, सगळे नवरे हेच करतात. पण त्यात दमटपणा धरलेला नसतो. माझ्या लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात बाबांनी वर्ध्याहून ट्रान्सपोर्टने कूलर पाठवला, पत्र्याचा, भला मोठा, वाळ्याच्या ताट्या लावलेला, लेकीला गरम होऊ नये म्हणून. सासरी असला डबा कोणी पाहिला नव्हता, शेजारचेही बघायला आले. पाणी भरलं, बटण दाबलं, पाच मिनिटं सगळे वाऱ्यासमोर बसून खूश आणि मग अर्ध्या तासात चादरी ओलसर, भिंत ओलसर, माणसं चिकट, शेवटी एकेक करून सगळे उठून पडवीत जाऊन बसले. कूलर चालतो तो कोरड्या हवेवर, पाण्याची वाफ झाली की हवा गार होते. इकडे हवेतच इतकं पाणी आहे की त्यात आणखी वाफ फारशी मावत नाही. तो कूलर अजून आहे मागच्या पडवीत. कोंबडी अंडी घालते त्यात.

म्हणजे नागपूरला ४४ मधेही झाडाखाली बसलं, माठातलं पाणी प्यायलं की जीवात जीव येतो, घाम येतो आणि वाळतो. इकडे ३४ ला सावलीत बसलं तरी ब्लाऊज पाठीला चिकटलेलाच, आणि हे मार्चपासून पाऊस पडेपर्यंत, मग परत ऑक्टोबरमधे. ज्यांना बीपी आहे, श्वासाचा त्रास आहे त्यांना कुठलं सोसेल ते डॉक्टरला विचारा, ते मी सांगू शकत नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर मला ऊन जास्त परवडायचं. वीस वर्षांनीही.

पाऊस मात्र नुसता आकड्याने कळत नाही. नागपूरला वर्षभरात साधारण हजार-अकराशे मिलिमीटर होतो, इकडे तीन हजाराच्या वर, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. आपल्याकडे तीन दिवस झडी लागली की भजी तळतात आणि कंटाळा येतो. इकडे तीन दिवस थांबला तर बातमी होते. जुलैतला माझा दिवस सांगते, गंमत म्हणून नाही, कारण तुमच्या पोटातला गोळा मला वाटतं इथेच कुठेतरी आहे. सकाळी उठून आधी दोरीवरचे कपडे हाताने चाचपायचे, तिसऱ्या दिवशीही ओलेच, त्याला एक आंबट वास, मग इस्त्री फिरवून वाळवायचे, इस्त्री फिरवताना लाईट जाते, फांदी पडली असणार तारेवर, कधी येईल माहीत नाही. मीठ बरणीत पाणी होऊन बसलेलं. काडेपेटी पेटत नाही. कपाट उघडलं की चामड्याच्या पर्सवर पांढरी बुरशी, लग्नातल्या शालूच्या घडीवर काळे ठिपके. आपल्याकडे कशी वर्षाची तूरडाळ उन्हात खडखडीत वाळवून कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरली की काळजी मिटली, तशी मी पहिल्या वर्षी भरली होती, ऑगस्टमधे उघडली तर जाळी धरलेली, सासूबाई काही बोलल्या नाहीत पण पुढच्या वर्षी डाळ त्यांनी आणली, पाच-पाच किलो. आणि अंगणातल्या जांभ्याच्या पायऱ्या. पहिल्या पंधरा दिवसांत त्यांना हिरवं शेवाळ धरतं, वरून मखमल आणि पाय ठेवला की माणूस थेट खाली. दर आठवड्याला ब्लीचिंग टाकून खराट्याने घासाव्या लागतात, भर पावसात, कंबरेत वाकून. हे काम घरात कोण करतं ते विचारू नका.

म्हणून म्हणते, हवा बदलली की सगळ्यात आधी घरातल्या बाईचं काम बदलतं आणि ते प्लॅन करणाऱ्याच्या कागदावर नसतं. तुमच्या नागपूरच्या फ्लॅटमधे दळण, दूध, कामवाली, गॅस, रिक्षा सगळं तीस वर्षांत बसलेलं आहे. ते उठवून दुसरीकडे बसवायला ५१ व्या वर्षी जो वेळ आणि जीव लागतो तो कुठल्याच खर्चाच्या हिशोबात मी अजून पाहिलेला नाही. मिस्टरांना विचारा, कामाची वाटणी कशी करायची. भांडायला म्हणून नका विचारू, खरंच विचारा.

बरं एवढा पाऊस आणि तरी पाणी नाही, यावर विदर्भातला माणूस विश्वासच ठेवत नाही. जांभा दगड सच्छिद्र, जमीन उताराची, पाणी मुरतं आणि वाहून समुद्राला मिळतं, त्यामुळे मार्चनंतर कितीतरी वाड्यांमधे विहिरीचा तळ दिसतो आणि टँकर येतात. नागपुरात तुम्हाला पेंच धरणाचं पाणी नळाला येतं, त्याच्या नावाने बोटं मोडत का असेना. तेव्हा जागा बघायची तर मे च्या पंधरा तारखेला बघा, डिसेंबरमधे विहीर भरलेलीच दिसणार. बघताना एजंटला विचारू नका, शेजारच्या घरातल्या बाईला विचारा, बाई तुमच्याकडे मे मधे किती हंडे निघतात. ती खरं सांगेल.

खर्च कमी या मुद्द्यावर मी फार वेळ घालवत नाही. मासे खाणारे असाल तर सीझनला चंगळ आहे, तेही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची समुद्रातली मासेमारी बंद. भाजी बरीचशी घाटावरून येते, कोल्हापूर-कराडकडून, त्यामुळे महाग, आणि आंबा घाटात किंवा कुंभार्लीत दरड आली की त्या दिवशी बाजारात कांदे-बटाट्यावर समाधान. कौलारू घराला दर वर्षी पावसाआधी शाकारणी, फुटकी कौलं बदलायची, पडवीला झड लागू नये म्हणून ताडपत्री बांधायची, आणि या कामाला गडी मिळत नाही कारण गावातली पोरं मुंबईला. वीजबिल मात्र कमी येईल, हे खरं.

आता त्या १४ गुंठ्यांचं. टोकन देऊ नका. एक रुपया देऊ नका. आधी सातबारा काढा आणि त्यावर नावं मोजा. कोकणात एका तुकड्यावर आजोबा-पणजोबांपासूनची वीस-वीस, तीस-तीस नावं असतात, अर्धी माणसं मुंबई-ठाण्याला, काही वारलेली आणि वारस लागलेले नाहीत, आणि समोर विकायला उभा असतो तो त्यातला एक हिस्सेदार. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय ती जागा तुमची होत नाही, मग तुम्ही पैसे देऊन भाऊबंदकी विकत घेता. सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यात कुळाचं, म्हणजे जमीन कसणाऱ्याचं, नाव आहे का तेही पहा. दुसरं, जमीन शेतीची असेल तर महाराष्ट्रात ती घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो, नाहीतर परवानगी काढावी लागते. तुम्ही पत्रात खाली एका ओळीत लिहिलंय की सासऱ्यांची काटोलकडे संत्र्याची थोडी शेती होती, तर तिच्या सातबाऱ्यावर मिस्टरांचं नाव वारस म्हणून लागलंय का ते आधी तलाठ्याकडे बघून घ्या. तिसरं, घर समुद्राच्या जवळ असेल, भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरच्या आत, तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारा नियम, लागू शकतो, म्हणजे वाढवायचं, नवीन बांधायचं म्हटलं की अडचण. चौथं, रस्ता. वाडीतल्या घराला जायला जी पायवाट असते ती बहुतेकदा दुसऱ्याच्या जागेतून असते आणि आज तो हसून वाट देतो. रत्नागिरीतला एखादा दिवाणी वकील गाठा, एजंटने सुचवलेला नको, आणि त्याच्याकडून सर्च रिपोर्ट, म्हणजे जागेच्या जुन्या व्यवहारांची तपासणी, घ्या.

आणि ती १५ कलमं. मिस्टरांनी झाडामागे इतक्या पेट्या, पेटीमागे इतके रुपये असा हिशोब वहीत मांडलाय असं तुम्ही लिहिलंय. वाचून मला आमच्या घरातल्या वह्या आठवल्या. हापूस एक वर्ष भरभरून येतो आणि पुढच्या वर्षी रुसतो, तो त्याचा स्वभावच आहे. मोहोर आला की तुडतुडे, थ्रिप्स, फवारण्या, जानेवारी-फेब्रुवारीत ढग आले किंवा अवकाळी पडला की मोहोर काळा, त्यातून जे धरलं त्यावर वानरं. २०२१ च्या मे मधे तौक्ते वादळ नुसतं किनाऱ्याजवळून गेलं तर झाडाखाली आंब्यांचा सडा. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आलं, दापोली-मंडणगडकडे लोकांच्या हयातभराच्या नारळी-पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या, कितीतरी गावांत लाईट नव्हती कित्येक दिवस. १५ कलमं म्हणजे घरी खायला आणि नागपूरच्या मैत्रिणींना पाठवायला उत्तम. पेन्शन समजू नका त्यांना. काटोलची संत्री ज्यांनी पाहिलीत त्यांना हे कळायला हवं खरं म्हणजे.

(पूर-बीर इकडेच येतात असं मात्र मी म्हणत नाहीये. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तसं २०२३ च्या सप्टेंबरमधे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन तुमच्या नागपुरातही घराघरात पाणी शिरलं होतंच.)

दवाखाना. इथे मी स्पष्ट बोलते. नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, एम्स आलंय, प्रायव्हेट तर गल्लोगल्ली, अर्ध्या तासात माणूस टेबलावर असतो. रत्नागिरीत सिव्हिल आहे, आता सरकारी मेडिकल कॉलेजही झालंय, डेरवणला मोठं हॉस्पिटल आहे, म्हणजे मी आले तेव्हासारखी परिस्थिती नाही, पण गुंतागुंतीची केस झाली की अजूनही घरचे म्हणतात कोल्हापूरला हलवा. कोल्हापूर १३० किलोमीटर आणि मधे घाट. माझ्या सासऱ्यांना जुलैत रात्री दीड वाजता नेलं होतं, गाडीसमोर पाण्याचा पडदा, ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्ता बघतोय, मागे मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, साडेपाच वाजता पोचलो. वाचले ते. पण तो घाट मी विसरलेली नाही. वाडी शहरापासून २० किलोमीटर आत असेल तर हे सगळं त्याहून लांब धरा. आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाचं औषध असतं का, रात्री डॉक्टर राहतो का हे स्वतः जाऊन विचारा, कारण जांभ्याच्या गडग्यांमधे, म्हणजे दगडी कुंपणांमधे, फुरसं असतं, विषारी साप. घाबरवत नाहीये, इकडे सगळे त्याच्याबरोबर राहतातच, पण रात्री बॅटरीशिवाय अंगणात पाय टाकत नाहीत.

एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल ही बाई नकोच म्हणतेय. तसं नाहीये हो. मला कोणी आज म्हटलं चल वर्ध्याला परत, तर मी जाणार नाही. पहिला पाऊस झाल्यावर आठवड्याभरात टाकळा, भारंगी, कुर्डू अशा भाज्या फुकट उगवतात, गणपतीत गाव असं भरतं की घरात झोपायला जागा नसते, शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा माझ्यासारख्या बाहेरून आलेलीच्याही डोळ्यात पाणी येतं. माणसं मात्र वेगळी. आपल्याकडे कसं, पहिल्याच भेटीत "या ना, जेवून जा" आणि दुसऱ्या भेटीत भांडण आणि तिसऱ्या भेटीत परत जेवण. इकडे पहिली दोन वर्षं मला कोणी काही म्हणालंही नाही आणि विचारलंही नाही, मी रडायचे, मला वाटायचं नकोशी झालेय, आणि मग माझ्या बाळंतपणात न सांगता समोरची काकू चाळीस दिवस पहाटे पाणी तापवायला यायची. मग कळलं. पण तुमच्याकडे कळायला दोन वर्षं थांबायची तयारी आहे का, ते बघा. वाडी गणपती-शिमगा सोडून बाकी वर्ष जवळजवळ रिकामी असते, पाचातली तीन घरं कुलूपबंद, आणि संध्याकाळी सातनंतर जो अंधार आणि बेडकांचा आवाज असतो त्याला टुरिस्ट शांतता म्हणतात. तुमची भिशी, फुटाळ्यावरची चक्कर, महालक्ष्म्यांना येणारी वीस माणसं, मारबतीची मिरवणूक, हे सोडून येताय. समुद्र बोलत नाही हो रोज.

छोट्या गोष्टीही चिमटे काढतात. पहिल्या आठवड्यात मी बाजारात सांबार मागितला तर भाजीवाली म्हणाली तो हॉटेलात मिळतो. मला कोथिंबीर हवी होती! आता हसते, तेव्हा घरी येऊन आईला फोन लावला होता.

मुलगा जवळ येईल हा मुद्दा मात्र बरोबर आहे, पुणे-रत्नागिरी तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर, नागपूर त्याच्या दुप्पट लांब. पण नागपूरहून त्याला आता थेट वंदे भारत आहे, बसला की उतरला, आणि इकडे घाटातून बस किंवा स्वतःची गाडी, त्यामुळे अंतर कमी झालं म्हणजे तो जास्त वेळा येईल असं धरून चालू नका. तुमचं माहेर आणि बाकी गोतावळा मात्र नऊशे किलोमीटरच्या वर लांब जाईल. कोणाचं बरंवाईट झालं तर वेळेत पोचणं होत नाही, हे मी भोगलंय, त्यावर जास्त लिहीत नाही.

तर करायचं काय. फ्लॅट विकू नका, भाड्याने द्या. रत्नागिरी शहरात, वाडीत नको, तळमजल्याचं घर ११ महिन्यांच्या कराराने भाड्याने घ्या आणि १ जूनला या. मुद्दाम जूनलाच. सामान दोन बॅगा आणि कुकर एवढंच. पूर्ण पावसाळा काढा, गणपती बघा, ऑक्टोबरचा उकाडा खा, डिसेंबरमधे तुमचं आवडतं कोकण येईलच, आणि मार्च-एप्रिलला पाण्याचं काय होतं ते बघून मग ठरवा. मिस्टरांनी आठवड्यातून दोन दिवस एखाद्या आंबेवाल्याच्या बागेत फवारणीच्या वेळी उभं राहावं, त्यांची वही आपोआप दुरुस्त होईल. या काळात त्यांनी बघून ठेवलेली जागा गेली तर जाऊ द्या, कोकणात जागा विकणारे कमी पडलेले नाहीत. शहरात राहून आवडलं तर कदाचित वाडीची गरजच वाटणार नाही, थिबा पॅलेसच्या बाजूला संध्याकाळी जाऊन बसलं की खाडीही दिसते, समुद्रही दिसतो आणि केमिस्टही पाच मिनिटांवर. जून जमतच नसेल तर निदान जुलैत एक महिना या, पण हॉटेलात नको, स्वयंपाकघर असलेल्या घरात.

आणि एक विचारायचं राहिलं. तुमच्या अख्ख्या पत्रात मिस्टरांचं मत आहे, तुमचं आहे, मुलाचंही अर्धं आहे. ७९ वर्षांच्या ज्या बाईला त्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरून अंगणात जायचंय, त्यांना कोणी विचारलंय का? सासूबाईंना विचारा आणि त्या काय म्हणाल्या ते मला कळवा, मग पुढचं बोलू. येणार असाल तर कूलर आणू नका.